साखर न खाणाऱ्या मुंग्या

आमच्या गल्लीत मला आता मुंगीवाली म्हणतात. तोंडावर म्हणतात, पाठीमागेही म्हणतात. आधी मला काहीच म्हणत नसत, कारण मी आहे हेच बऱ्याच जणांच्या ध्यानात नसायचं. लग्नात पंगतीला बसले की वाढणाऱ्याचा भात माझ्यापाशी येऊन संपायचा, तो परत यायचा नाही आणि मीही हाक मारायची नाही. अशी मी. म्हणून मुंगीवाली म्हटल्याचा मला राग येत नाही.

राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. श्रावणात आमच्या घरी काय झालं ते सारी गल्ली सांगते, आणि मला कोणी विचारत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण लिहिण्याची सवय मी मोडू दिली नाही. हे कोणाला दाखवायचं नाही. माझ्या बाजूने एकदा नीट मांडून ठेवायचं, एवढंच.

लोणारला बसस्टँडच्या मागच्या अंगाला आमचं घर आहे. पुढे मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, किराणा दुकान, मागे आम्ही राहतो, आणि ओसरीला लागून एक खोली आहे ती भाड्याने देतो. तळ्यासाठी बाहेरगावची शिकलेली माणसं येतात. कोणी पाणी बाटलीत भरून नेतं, कोणी दगड नेतं. मागच्या साली एक मुलगी आली, ती किडे पाहायची. सकाळी विवरात उतरायची, झाडांच्या सालीखाली काय काय हिंडतं ते पाहायची आणि ऊन चढायच्या आत वर यायची. माणूस कोकणातलं, भाषा पुस्तकातली. मला काकू म्हणायची.

तिच्या सामानात एक पेटी होती. लहान मुलाच्या दप्तराएवढी, काचेसारख्या प्लास्टिकची, तळाला पांढरं प्लास्टर आणि वर बारीक जाळीचं झाकण. आत मुंग्या होत्या. आपल्याकडच्या मुंगळ्यापेक्षाही लांब, तांबूस, पुढे चिमट्यासारखा लांब जबडा, आणि डोळे एवढे मोठे की त्या आपल्याकडे पाहतात हे कळायचं. मी फरशी पुसायला गेले की त्या माझ्या हाताकडे तोंड करायच्या.

"यांना साखर टाकू काय?" मी एकदा विचारलं. तिच्याशी मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असेल.

"नाही काकू, या साखर खात नाहीत. या शिकार करतात. एकेकटी जाते, वाघासारखी."

मला वाटलं थट्टा करते. मग तिने एक लहानसा रातकिडा आत सोडला. एक मुंगी थांबली. तिने डोकं वळवलं, थोडी मागे दबली, आणि मग ती तिथे नव्हतीच. रातकिड्यावर होती. उडी मारली होती. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. मुंगीने उडी मारलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

घाटातल्या ज्या रानात तिला त्या सापडल्या ते सदा ओलं, अंधारं रान होतं म्हणे, दुपारीसुद्धा झाडाखाली थंडी वाजायची. तिथून रस्ता गेला आणि तो तुकडा कापला गेला. या जातीच्या मुंग्या आणखी कुठे उरल्यात का ते तिच्या संस्थेतले लोक शोधत होते, तोवर सापडल्या नव्हत्या. तिच्या पेटीत होत्या तेवढ्याच आपल्या हातात, असं ती म्हणायची. आपल्या म्हणायची, ते मला आवडायचं.

ऐन उन्हाळ्यात तिच्या वडिलांना लकवा मारला. तिला जायचं होतं, लगेच. एसटी, मग रेल्वे, मग परत एसटी, आणि बाहेर अशी हवा की दाराची कडी हाताला चटका द्यायची. मुंग्या वाटेतच मेल्या असत्या. ती माझ्यापाशी आली. पेटी दोन्ही हातात होती.

"काकू, मी दुसऱ्या कोणाला सांगू? तुम्ही सांभाळाल?"

घरात सासूबाई आहेत, मालक आहेत, शेजारच्या घरात मोठी जाऊ आहे. मला कोणी कधी काही सांभाळायला दिलं नव्हतं. किल्ल्यासुद्धा सासूबाईंच्या कमरेला. मी हो म्हटलं. कोणाला न विचारता म्हटलं, आणि ते शब्द तोंडातून गेल्यावर मलाच घाम फुटला.

तिने मला दाखवलं. प्लास्टर ओलं ठेवायचं पण पाणी साचू द्यायचं नाही. पेटी थंड जागी ठेवायची. खायला जिवंत किडा द्यायचा, मेलेला नाही. राणी कोणती तेही दाखवलं, जरा थोराड, बाजूला बसलेली. एक रिकामी पेटी आणि एक मऊ ब्रश जास्तीचा ठेवून ती गेली.

थंड जागा आमच्या घरात एकच आहे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रांजण आहे, त्याच्याखाली वाळू, वाळूवर सदा ओल. पलीकडे हातभरावर देव्हारा. मी पेटी रांजणाच्या आडोशाला ठेवली आणि वर ओलं पोतं लावलं. आमच्याकडे नळ रोज येत नाही. पोत्यासाठी पाणी लागायचं ते मी माझ्या आंघोळीतून काढलं. त्याबद्दल कोणी काही बोलायचं कारण नव्हतं, तरी बोलले.

मालक दुकानातून आले आणि पाहतच राहिले. "दुकानात मी मुंग्या मारून राह्यलो, अन् घरात तू पाळून राह्यली? लोकं काय म्हणतीन वं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गुळाच्या ढेपा, साखरेची पोती, दुकानदाराचं सारं आयुष्य मुंग्यांशी भांडण्यात जातं. खडू ओढायचा, पावडर टाकायची. ती पावडर त्यांच्या हाताला, शर्टाला लागलेली असायची. ते पेटीवर वाकले तशी मी मध्ये उभी राहिले.

"हात धुऊन या."

"माह्याच घरात मले हात धुऊन ये म्हनते?"

"हाव."

 ते गेले आणि हात धुऊन आले. नंतर रोज धुवायला लागले. कुरकुर करायचे, पण धुवायचे.

किड्यांचं काम मला सोपं गेलं. मागच्या अंगणात तुराट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग आहे, तो हलवला की रातकिडे बाहेर पडतात. गिलास पालथा घालायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा. पुढे मी एका फुटक्या मडक्यातच रातकिडे ठेवले, कांद्याच्या साली आणि भाकरीचा तुकडा टाकून. रोज हातानं पकडलेला किडा मी त्या पेटीत सोडायची. आनंदाने सोडायची असं नाही. पण त्या मुंग्यांनी तो खायचा म्हणजे खायचा, त्यात मला लाजण्यासारखं काही दिसलं नाही.

सासूबाईंना दिसलं. त्यांच्या गळ्यात माळ आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

"माळ घातलेल्या घरात जीव मारून जीव पोसाचा? हे कोन्तं पुन्न वं?"

"पुन्न नाही आत्याबाई. ठेव आहे लोकाची."

"ठेव सोन्याची असते. चांदीची असते."

जाऊबाई भिंतीवरून ऐकत होत्या. दोन्ही अंगणांमध्ये एक कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावर कोपर टेकून त्या आमच्या घरातलं सारं ऐकतात. "म्हशी पाळाच्या सोडून मुंग्या पाळल्या हिनं. दूध किती देतात वं? अन् पुढच्या साली मच्छर पाळशीन काय?" आजूबाजूच्या घरांत हसल्याचा आवाज आला. मी आत गेले. तेव्हा मी आतच जायची.

उन्हाळा मुंग्यांनी काढला. दुपारी पंख्याचा वारासुद्धा तापलेला, आणि मी रांजणापाशी पोतं भिजवत बसायची. त्या प्लास्टरवर पोट टेकून बसायच्या. काही मेल्या. बऱ्याच जगल्या. पांढऱ्या अळ्या होत्या, त्यांचे तपकिरी कोष झाले आणि कोषातून फिकट रंगाच्या नवीन मुंग्या निघाल्या. मी मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. तिच्या वडिलांचं अर्धं अंग अजून उठत नव्हतं. ती म्हणाली, काकू, एक तरी चांगली बातमी.

आता गोष्ट वळली ती इथून.

आमच्याकडे साडेसाती असली, काही अडलं असलं की शनिवारी मुंग्यांना पीठ-साखर टाकतात. वारुळापाशी, झाडाच्या बुंध्यापाशी. जाऊबाईंच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. पाहुणे यायचे, खाऊन जायचे, निरोप यायचा नाही. एका शनिवारी मी नळावर गेलेली असताना जाऊबाई आमच्याकडे आल्या आणि पेटीच्या जाळीवरून चिमूटभर पीठ-साखर आत सोडून गेल्या. झाडापर्यंत उन्हात कोण जातं? आणि त्याच आठवड्यात मुलीची सुपारी फुटली. मेहकरकडचं स्थळ, मुलगा नोकरीवाला.

बस. ज्या तोंडाने दूध किती देतात विचारलं, त्याच तोंडाने जाऊबाई नळावर सांगायला लागल्या, "साध्या नाहीत त्या मुंग्या. देवाच्या रानातल्या आहेत. बुहूऽऽत दुरून आल्या."

पुढच्या शनिवारी दोघी आल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी ओसरी भरली. कोणाची सून माहेरून येत नव्हती, कोणाच्या पोराला नोकरी लागत नव्हती, कोणाची बोअर कोरडी गेली होती. सासूबाई, ज्या मुंग्यांना पाप म्हणत होत्या, त्या आता रांजणापाशी पाट टाकून बसायच्या आणि कोणी किती टाकायचं ते सांगायच्या. "जास्त नोको टाकू वं, चिमूटभर. मनात आन अन् सोड." मालकांनी दुकानात पीठ-साखरेच्या पुड्या बांधून ठेवल्या. शनिवारी दुकानाच्या पुढच्या बरणीतच पुड्या, बाकी सारं मागे.

आणि मी? मी चहा करायची. हसणाऱ्या माणसाला तोंड देणं एक वेळ सोपं असतं, हात जोडून आलेल्याला कसं अडवायचं? बायका गेल्या की मी काडीला कापूस गुंडाळून प्लास्टरवरची साखर टिपत बसायची. पीठ ओलं व्हायचं, त्यावर बुरशी धरायची. मुंग्या त्या ढिगापासून दूर पेटीच्या एका कोपऱ्यात गोळा व्हायच्या.

एकदा मी धीर करून म्हटलं, "त्या साखर खात नाहीत वं बाई."

समोरची बाई हसली. "देव तरी निवद कुठं खाते? दाखवाचा असते."

साऱ्या हसल्या. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग दाखवा आणि परत घेऊन जा, हे उत्तर मला बशा धुताना सुचलं.

श्रावण लागला. पहिल्या श्रावणी शनिवारी उभं राहायला जागा नव्हती. जाऊबाईंना वाटलं की पहिला मान त्यांचा, लाभ त्यांना झाला. जाळीवरून नुसती साखर सोडणं त्यांना कमी वाटलं. मी स्वयंपाकघराच्या पलीकडल्या टोकाला चहा गाळत होते. त्यांनी झाकण उचललं आणि आत हळद-कुंकू वाहिलं. मूठभर हळद.

आमच्या गल्लीत असं एक घर नाही जिथे मुंग्या आल्या की हळद टाकत नाहीत. साखरेच्या डब्याभोवती हळद, गुळाच्या फडताळात हळद, लोणच्याच्या बरणीखाली हळद. मुंगी हळद ओलांडत नाही हे लहान पोरीला ठाऊक. तिथे इतक्या बाया उभ्या होत्या, कोणाच्याच ध्यानात आलं नाही. पूजा म्हटली की हळद, मग ती कोणाची का असेना.

मुंग्या उधळल्या. काही झाकणाबाहेर आल्या, बायका ओरडल्या, कोणीतरी झाकण दाबून बसवलं. मी पोचले तेव्हा पेटी आतून पिवळी झाली होती आणि माझ्या मुंग्या भिंतींवर चढून पडत होत्या.

"पाह्य, पाह्य, कशा नाचून राह्यल्या!" कोणीतरी म्हणालं.

साऱ्या गेल्यावर मी एकेक मुंगी ब्रशने उचलून रिकाम्या पेटीत टाकली. दोनदा चावल्या, त्यांचा चावा इंगळासारखा लागतो. अळ्या वेचल्या. शेवटी राणी सापडली, झाकणाच्या कडेपाशी. हळदीने गेली की झाकणात दबली ते मला सांगता येणार नाही. मेलेली होती.

मी मुलीला फोन केला. काय झालं ते सारं सांगितलं, काही लपवलं नाही.  

ती म्हणाली, "काकू, ऐका. या जातीत राणी गेली तरी सगळं संपत नाही. दुसऱ्या मुंग्यांचं तसं नाही, पण यांच्यात साध्या कामकरी मुंग्या आपसांत झुंजतात, त्यातल्या काही जिंकतात आणि त्याच अंडी घालायला लागतात. व्हायलाच पाहिजे असं नाही. होऊ शकतं. पण त्यांना आता धक्का लागला नाही पाहिजे. पेटी कोणी हलवायची नाही, खायला देण्यापुरती सोडून उघडायची नाही, आत काही पडायचं नाही. पोट भरलेलं पाहिजे, एवढंच. काकू, जमेल?"

मी दुसऱ्यांदा हो म्हटलं. या वेळी घाम फुटला नाही.

संध्याकाळी जेवताना मी सांगितलं की शनिवारचं बंद करायचं. राणी मेली, बाकीच्यांना जगू द्यायचं.

मालक म्हणाले, "श्रावन चालू आहे. पुड्या बांधून ठेवल्या."

"लोकं देवाच्या भावनेनं येतात," सासूबाई म्हणाल्या. "देवाच्या दाराले तू कडी लावतं काय? अन् तुह्या आहेत काय त्या?"

"नाहीत. मी हो म्हटलं होतं, म्हणून."

"कोनाले इचारून म्हटलं होतं?"

"कोनालेच नाही."

ताटातला भात मी संपवला. आधीची मी अशा वेळी ताट घेऊन चुलीपाशी गेली असती. मालकांनी विषय संपवला तो असा, की बायका येतील, आणि दारात त्यांना नको म्हणायची माझी छाती असेल तर म्हणून दाखवावं. त्यांना ठाऊक होतं की मला जमणार नाही. मलाही ठाऊक होतं. चार बायांसमोर मला माझं नाव नीट सांगता येत नाही. नको म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या, माझ्या खांद्याला धरून बाजूला केलं असतं आणि आत गेल्या असत्या. म्हणून मी बोलून काही करायचं नाही असं ठरवलं.

शनिवारी सकाळी मी अंगणातलं मडकं आणून रांजणापाशी ठेवलं. वर ताटली झाकली. बायका आल्या. कोणाच्या हातात पुडी, कोणाच्या हातात हळद-कुंकवाचा करंडा. सासूबाई पाटावर बसलेल्या. जाऊबाई पुढे, भरजरी नाही पण ठेवणीतली साडी नेसून.

"मंग, उघड वं," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले. मडक्यावरची ताटली सरकवली आणि हात आत घातला. त्यातला धट्टाकट्टा रातकिडा काढला, दोन बोटांत धरून सगळ्यांना दिसेल असा वर केला. तो पाय झाडत होता. झाकणाची एक कड मी बोटभर उचलली आणि त्याला आत सोडलं.

कोणी काही विचारायच्या आत एका मुंगीने डोकं वळवलं. मला ठाऊक होतं आता काय होणार, बाकी कोणाला नव्हतं. तिने झेप घेतली. किड्याला जबड्यात धरलं, पोट वाकवून डंख मारला, आणि तो पाय झाडायचा थांबला. मग तिने त्याला ओढत अळ्यांपाशी नेलं. अळ्या त्याला चिकटल्या. मी पोतं बाजूला केलं, म्हणजे मागच्यांनाही दिसावं.

श्रावणातला शनिवार. सगळ्यांचा उपास. माळकऱ्याचं घर. देव्हाऱ्यातला दिवा हातभरावर तेवत होता.

"माय वं!" कोणीतरी म्हणालं.

"मांस खातात?"

"हाव," मी म्हटलं. "रोज खातात. मी देतो. ह्या हातानं देतो." आणि तो हात मी वर करून दाखवला. "चहा ठेवू काय?"

एकीनेही चहा घेतला नाही. पदर तोंडाला लावून साऱ्या मागे सरल्या, करंडे झाकले, पुड्या कमरेला खोचल्या. जिची बोअर कोरडी गेली होती ती जाता जाता म्हणाली, "अन् आम्ही हिच्या हातचा चहा पेलो इतके दिवस." जाऊबाई शेवटी गेल्या. त्यांची पंचाईत झाली, कारण सुपारी तर फुटलेली होती. मांस खाणाऱ्या मुंग्यांनी जमवलेलं लग्न मोडता येत नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "लाज नाही वाटली तुले, एवढ्या बायांसमोर?"

खरं सांगते, वाटली नाही. सारं आयुष्य मला लाज वाटत आली. दुकानात उभं राहायची, पाहुण्यांना पाणी द्यायची, हसायची, शिंकायचीसुद्धा. त्या दिवशी ती आली नाही, आणि मी तिची वाट पाहिली नाही.

पुढचे दिवस सोपे गेले असं म्हणणार नाही. सासूबाईंनी श्रावणभर माझ्या हातचं खाल्लं नाही. स्वतः चूल वेगळी मांडली आणि धूर डोळ्यात गेला की माझ्याकडे पाहायच्या. मालक माझ्याशी बोलायचे नाहीत, भिंतीशी बोलायचे. "भिंती, आज भाजीत मीठ जास्त आहे." उरलेल्या पुड्या उघडून त्यांना साखर वेगळी आणि पीठ वेगळं करता येईना, त्याचा राग जास्त होता. गल्लीत हळदीकुंकवाला मला कोणी बोलावलं नाही. जाऊबाई भिंतीवरून ऐकू येईल असं म्हणायच्या, "खाटकाचं दुकान मांडलं हिनं घरात." एकदा मी भिंतीपाशी गेले आणि म्हटलं, "बाई, तुमच्या तुराटीत रातकिडे असतीन तर सांगजा. माह्याकडले सरत आले." त्यानंतर त्यांनी कोपर टेकणं काही दिवस बंद ठेवलं.

पण पेटीला कोणी हात लावत नव्हतं. मला तेवढंच पाहिजे होतं.

आणि आत, मुलगी म्हणाली तसंच चालू झालं. दोन मुंग्या समोरासमोर उभ्या राहायच्या आणि आपल्या मिशांनी एकमेकींना फटकारायच्या. एक पुढे सरकली की दुसरी मागे, मग दुसरी पुढे. जबडा लावायच्या नाहीत. नळावर दोन बाया हंड्यासाठी भांडतात, हात उगारतात पण मारत नाहीत, अगदी तसं. दुसऱ्या दिवशी पाहावं तर आणखी जोड्या. हे दिवसच्या दिवस चाललं. मी भाजी निवडायला तिथेच बसायची. ज्या हरत त्या मुकाट कामाला लागत, ज्या टिकत त्या उभ्याच राहत. राणीची शेवटची अंडी केव्हाच अळ्या होऊन गेली होती, आणि नवीन एकही दिसत नव्हतं. अळ्यांचे कोष झाले. त्यांच्यानंतर काही नव्हतं. मला भीती वाटायची की मी गल्लीशी भांडले, घराशी भांडले, आणि जिच्यासाठी भांडले ती पेटी हळूहळू रिकामी होणार. फोनवर मुलगी विचारायची, "अंडी?" मी म्हणायची, "नाही." ती म्हणायची, "खायला द्या." मी द्यायची.

भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उठल्यानंतरची गोष्ट. आरास काढली, भांडी घासली, आणि पोतं भिजवायला वाकले तर एका मुंगीच्या जबड्यात काहीतरी पांढरं. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, लांबट. तिने ते ओल्या प्लास्टरवर ठेवलं. तिथे आणखी तशी होती. मी चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

घरात सासूबाई होत्या. त्यांना सांगितलं. त्या उठल्या नाहीत, पण हातातली जपाची माळ थांबली. "अंडी? राणीबिगर?"

"हाव."

"कोन्तीनं घातली?"

"साधीच आहे. त्यांच्यातलीच."

 दुपारी जेवायला त्या माझ्यापाशी ताट घेऊन बसल्या. मी वाढलं. श्रावण संपला होता, म्हणून बसल्या असतील. मी त्याचा दुसरा अर्थ लावत नाही.

मुलगी दिवाळीनंतर आली. वडील काठीने चालायला लागले होते. पिशवी खाली न ठेवताच ती पेटीपाशी बसली आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. अंडी होती, अळ्या होत्या, उडी मारणाऱ्या होत्या. ती मागे वळून मला मिठी मारायला आली, मला त्याची सवय नाही, मी हातातलं कणकेचं ताट मध्ये धरलं.

तिला पेटी न्यायची होती. संस्थेत आता गार हवेची खोली होती आणि तिच्या कामासाठी त्या पाहिजे होत्या. ते बरोबरच होतं, ठेव तिची. ती वर्तमानपत्राने पेटी गुंडाळायला लागली. मी दारात उभी होते. मालक ओसरीत होते, सासूबाई पाटावर. मी पुढे येऊन पेटीवर हात ठेवला. 

"अर्ध्या मले दे."

ती थांबली. "काकू?"

"तूच म्हटलं होतं, यांच्यात राणी लागत नाही. मंग अर्ध्या नेल्या तरी दोन्हीकडे अंडी होतीन. माह्याकडल्या राहू दे."

तिने माझ्याकडे तसं पाहिलं, जसं मी त्या पहिल्या उडीनंतर मुंगीकडे पाहिलं होतं. मग ती बाहेर जाऊन तिच्या सरांशी फोनवर बोलली. बराच वेळ बोलली. मी तिथेच उभी राहिले, स्वयंपाकघरात गेले नाही. आत येऊन तिने सांगितलं की सर हो म्हणाले. सगळ्या एका खोलीत असल्या आणि तिथे काही झालं तर जातच संपायची. दुसरीकडे असाव्यात, हे त्यांनाही पटलं. मुंग्या संस्थेच्याच राहतील, मी फक्त सांभाळायच्या आणि कळवत राहायचं. मी म्हटलं, चालेल.

आम्ही दोघींनी बसून वाटणी केली. तिने जिंकलेल्यांतल्या काही नेल्या, काही मला ठेवल्या, अळ्या निम्म्या निम्म्या. तिच्या ब्रशपेक्षा माझा हात त्यांच्या जास्त ओळखीचा होता असं नाही, त्या मला चावल्याच.

ती एसटीत बसून गेल्यावर मालक आत आले. पेटी रांजणापाशीच होती. ते कितीतरी महिन्यांनी भिंतीशी न बोलता माझ्याशी बोलले.

"पोरगी घेऊन गेली ना? मंग ह्या कायले राह्यल्या?"

"मी मांगतल्या."

"काऊन?"

"मले पाह्यजे होत्या."

त्यांनी वाकून पेटीत पाहिलं. आणखी काहीतरी कारण निघेल असं त्यांना वाटलं असावं. मी पोतं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि पेटीवर घातलं. कारण तेवढंच आहे. पुढे कोणी विचारलं तरी याहून मोठं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते शोधायला मी बसणारही नाही.